'खबरदार'ची पयली ओळ

एका जंगलात एक खोकड व्हता. खोकड म्हंजे कोल्ह्याचा बारका भाऊ. अंगानं मांजराएवढा, शेपूट मातूर केरसुनीएवढं. नाव झुंबर. कोल्हाच का न्हाई असं इचारू नका. कोल्ह्याच्या गोष्टी ऐकून ऐकून तुमची डोस्की शिळी झाल्यात. आज खोकड हाय. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर उठा आन म्हशी पान्यावर न्या.

तर ह्यो झुंबर बिबट्याकडं नोकरीला व्हता. हुद्दा काय, तर जनसंपर्क अधिकारी. जनसंपर्क म्हंजे काय ठावं हाय का? साहेबानं शेण खाल्लं तर ते शेण न्हवतं, पेढा व्हता, असं गावाला पटवायचं. आन न्हाईच पटलं तर गावालाच झापायचं, का रं, तुमाला पेढं आवडत न्हाईत व्हय?

बिबट्यानं ससा खाल्ला की झुंबर लिवायचा, "ससा साहेबांच्या सेवेत कायमस्वरूपी रुजू."

बिबट्या हरनांच्या मागं पळाला की लिवायचा, "साहेबांनी तरुणांना व्यायामाचे महत्त्व पटवून दिले."

भेकराचं पोर उचललं, तर त्याचं पन लिवलं. "साहेबांनी बालकास दत्तक घेतले."

लिवायचा कशानं? शेपटीनं. करवंदाच्या रसात शेंडा बुडवायचा आन पळसाच्या पानावर फिरवायचा. शेपूट झुपकेदार, त्यामुळं अक्षर जाडजूड. एका पानात एकच 'माननीय' मावायचं.

आता पेपरचं सांगतो.

त्या जंगलात पेपर एकच. नाव 'खबरदार'. मालक, संपादक, लिवनारा समदा एकच गडी, तात्या वानर. म्हातारा उंबराच्या शेंड्यावर बसायचा. तिथनं त्याला सारं जंगल दिसायचं. उजाडलं की तो आपल्या लांब शेपटीनं पानं लिवायचा आन साळुंक्या ती घरोघर टाकायच्या.

त्या जंगलात पानी दोनच ठिकानी. एक तळं आन एक टेकडीखालचा झरा. उनाळ्यात तिसरीकडं जीभ वली करायची सोय न्हाई. बिबट्या सकाळी ह्या दोन्हीतल्या एका जागी दबा धरून बसायचा. म्हनून 'खबरदार'ची पयली ओळ ठरलेली.

"बिबट्या आज तळ्यावर हाय."

न्हाईतर, "बिबट्या आज झऱ्यावर हाय."

झालं. खाली मंग अस्वलाला माशी चावली, मोरानं पिसं टाकली, असलं किरकोळ. जनावरं पयली ओळ वाचायची, बिबट्या नसंल तिकडं जाऊन पानी प्यायची, आन पेपर खाऊन टाकायची. व्हय, खायाची. तशी रीतच व्हती. दात काढू नका. तुमी पेपरवर भजी खाता, ती पेपरच खायाची.

झुंबराचं आन तात्याचं रोज वाजायचं. झुंबर साहेबाचं निवेदन घेऊन उंबराखाली हुभा राहायचा. एकदा त्यानं चार पानं लिवून आनली. "माननीय साहेबांची रानडुकरांच्या वस्तीस सदिच्छा भेट, वस्तीत आनंदाचे वातावरण, कनिष्ठ सदस्य साहेबांसोबत रवाना." तात्यानं चारी पानं वाचली, खाल्ली, आन दुसऱ्या दिवशी एक ओळ टाकली.

"बिबट्यानं डुकराचं पिल्लू नेलं."

झुंबर तावातावानं आला. "तात्या, आवो मी चार पानं लिवून आनली."

"मंग?"

"तुमी एकच ओळ घेतली."

"घडलं तेवढंच व्हतं की."

"बरं, एकच घ्या. पर फुडं 'माननीय' तरी लावायचं."

"कुनाला? डुकराच्या पिल्लाला?"

झुंबर शेपूट आपटत गेला. पर त्या दिवसापास्नं त्याच्या डोक्यात एकच. ह्या म्हाताऱ्याच्या पाया किती दिस पडायचं? त्यापरीस पेपरच आपला असंल तर?

तात्या खरंच थकला व्हता. गुडघं धरायचं. उंबरावर चढता चढता सकाळ व्हायची. त्याची पोरं पेपर चालवतील म्हनावं तर ती घाटात पळालेली. घाटात मोटारी थांबत्यात, मानसं बिस्किटं टाकत्यात. दोघं-तिघं तिथं दिवसभर कठड्यावर बसून फोटू काढून घेत्यात. बापानं निरोप धाडला तर पोरं म्हनली, "पेपरात बिस्किटं हायत का?"

झुंबर आंबं घेऊन आला. "तात्या, लई केलंत जंगलासाठी. आता खाली बसा. सावलीत बसा. आंबं रोज मी पोचवतो. पेपर माझ्याकडं द्या."

तात्यानं एक आंबा चोखून कोय खाली टाकली. मंग म्हनला, "देतो. पर एक अट हाय. पयली ओळ मोडायची न्हाई. बिबट्या कुठं हाय ते रोज पयल्या ओळीत आलं पायजे. त्याच्यावर पोरंबाळं पानी पित्यात."

"आईच्यान, पयली ओळ जाग्यावर ऱ्हाईल," झुंबर म्हनला.

मंग सत्कार झाला. तात्याला जीवनगौरव दिला. सापाची कात शाल म्हनून पांघरली, हातात नारळ दिला. नारळ दिला म्हंजे काय ते थोरल्यांना इचारा. आंबं पन आलं. एकदा.

दुसऱ्या दिवशी 'खबरदार' नव्या मालकाचा निघाला. पान गुळगुळीत, कडंनं येलबुट्टी. आन शपथ घेतल्यापरमानं पयली ओळ पयलीच.

"माननीय साहेब आज तळ्यावर जनतेच्या भेटीसाठी उपलब्ध."

बघा, खोटं काय हाय का? काय न्हाई. बिबट्या तळ्यावर व्हता, उपलब्ध पन व्हता.

ससे वाचून गडबडले. एक म्हनला, "उपलब्ध हाय म्हंत्यात."

दुसरा म्हनला, "कवा न्हाई ते उपलब्ध झालाय. आपलं बिळांचं निवेदन देऊन टाकू."

पाच ससे हरळीचा हार करून तळ्यावर गेले. माघारी दोन आले, ते पन इचारू नका कसे. एकाचा कान तिथंच राहिला. फुडच्या दिवशीचा पेपर आला, "सशांचे शिष्टमंडळ साहेबांच्या भेटीने भारावले. तिघांनी मुक्काम वाढवला."

आता ह्या जंगलात एक चितळीन व्हती. नाव ठकू. तिला त्या उनाळ्यात पाडस झालेलं. तेरा दिसांचं. पाय काडीवानी, एकदा पडलं की उठायला सकाळ जायची. असल्या पोराला घेऊन बिबट्याफुडनं पळता येत न्हाई. ठकूचं समदं जगनं पयल्या ओळीवर व्हतं. म्हनून ती पेपर लई निरखून वाचायची.

तिनं ते सशांचं वाचलं आन पेपर तोंडात घालता घालता थांबली.

रानडुक्कर शेजारीच चिखलात पडलेला. तिनं त्याला हाक मारली. "दाजी, हिकडं या. ह्यो पेपर खोटं लिवत न्हाई."

"मंग सशे गेले कुठं?"

"तेच सांगते. जागा खरी लिवतोय, बाकीची निस्ती कुरवाळनी हाय. आपन जागा वाचायची, कुरवाळनी थुकून टाकायची. साहेब जिथं उपलब्ध, तिथं आपन न्हाई."

दाजीनं डोकं खाजवलं. "म्हंजे पयल्यावानीच की."

"पयल्यावानीच. निस्तं चघळाय जास्ती हाय."

हे तोंडातोंडी समद्या जंगलात गेलं. पेपरात आलं, "माननीय साहेब झऱ्यावर जनता दरबार भरवणार," की जनता शिस्तीत तळ्याला. "साहेब तळ्यावर बालकांना खाऊ देणार," की पोरं काखंत मारून झऱ्याला. महिना असा गेला. बिबट्याची बरगडी मोजता यायला लागली.

त्यानं झुंबराला बोलावून घेतलं. "काय रं, माझ्या भेटीला कुनी येत का न्हाई?"

"साहेब, आपली प्रतिमा तर उंचावलीय."

"प्रतिमा खाऊ का मी?"

"न्हाई साहेब."

"तुझा पेपर कोन वाचतंय का?"

"समदे वाचत्यात साहेब. एक पान शिल्लक ऱ्हात न्हाई. डुकरं पन वाचाय शिकली."

बिबट्या जागचा उठला आन झुंबराभवती एक फेरी मारली. "उद्या मी तळ्यावर हाय. तू झऱ्यावर लिव."

झुंबराला शपथ आडवी आली, असं समजू नका. त्याला आठवली खरी, पर त्यानं ती लगेच निवेदनासारखी वाचली. शपथ पयल्या ओळीची व्हती. खऱ्या ओळीची व्हती असं कुठं म्हनलंय? तो वाकून म्हनला, "आज्ञा साहेब." आन कामाला लागला.

हिकडं बिबट्यानं एक शानपना केला आन तिथंच घोळ झाला. दुपारी तो तळ्यावर गेला आन तळ्याच्या सरपंचाला बोलावलं. तळ्याची सरपंच एक कासवीन व्हती. नाव भागूबाई. पाठ दगडाची आन हौस सोन्याची.

बिबट्या म्हनला, "भागूबाई, उद्या सकाळी मी इथं बसनार. तुझ्या बेडकांना गप ठिव. आवाज नको, हालचाल नको."

एवढं सांगून तो गेला. भागूबाईनं बेडकांना गप केलं. पर तिचं मन काय गप बसंना. साहेब आपल्या तळ्यावर येनार आन आपन साधी एक जाहिरात देऊ नये? शेजारचा झरा काय म्हनंल? मागच्या बारीला झऱ्याच्या खेकड्यानं साहेबाच्या वाढदिसाला पाव पान जाहिरात दिलेली. ते तिच्या काळजात रुतून बसलेलं.

ती सरपटत सरपटत 'खबरदार'च्या कचेरीत गेली. "झुंबरराव, उद्याच्या अंकात आमचं एवढं टाका."

आता झुंबराचा एक नियम व्हता. बातमी साहेबाला दाखवायची, जाहिरात कुनालाच न्हाई. जाहिरात ही वाचायची गोष्टच न्हवं, घ्यायची गोष्ट. कासविनीनं जाहिरातीच्या ठरल्या दराचं चार मासं दिलं, ते त्यानं हुंगून बघितलं. मजकूर हुंगला सुदीक न्हाई. तसाच पानाच्या खालच्या कोपऱ्यात डकवला.

उजाडलं. पेपर आला. पयली ओळ अशी.

"माननीय साहेब आज झऱ्यावर ध्यानस्थ. तळे जनतेसाठी दिवसभर खुले. पाणी थंड व गोड."

सारं जंगल खूश. ससे निघाले, सांबर निघालं, दाजी डुक्कर बायकापोरांसकट निघाला. समदे तळ्याच्या वाटंला लागले.

ठकूच्या दारात पेपर पडला तवा ती पाडसाला चाटत व्हती. पाडसाला नुकतं कवळं दात आलेलं. त्यानं पेपर धरला आन वरनं चघळायला सुरुवात केली. ठकू "आरं थांब, थांब" म्हनंपातूर पयली ओळ, मथळा, झुंबराचं नाव, समदं पोटात गेलं. खालचा कोपरा तेवढा उरला. ठकूला लई राग आला. पोराला एक ढुशी दिली. मंग तहान तर लागलेली, वाचायला दुसरं काय न्हाई, म्हनून तिनं तो कोपरा वाचला.

"तळ्याच्या पावन भूमीत माननीय साहेबांचे आज सकाळी हार्दिक हार्दिक स्वागत. स्वागतोत्सुक: सरपंच सौ. भागूबाई कासवीण व समस्त बेडूक परिवार. टीप: बेडूक आज गप्प राहतील, गैरसमज नसावा."

ठकूनं ते दोनदा वाचलं. मंग पाडसाला तिथंच करवंदीच्या जाळीत ढकललं, "हलशील तर बघ," म्हनली, आन सुटली.

तळ्याच्या अलीकडं वाट अरुंद हाय. तिथं ती आडवी हुभी ऱ्हायली.

"कुनी फुडं जायाचं न्हाई."

दाजी म्हनला, "का गं? बिबट्या झऱ्यावर हाय. पेपरात आलंय."

"जाहिरात वाचली का?"

"जाहिरात कोन वाचतंय? तोंडाला चव यावी म्हनून आमी ती शेवटाला खातो."

"कुनाची शिल्लक असंल तर काढा."

एका सशाच्या गालात अर्धी व्हती. त्यानं बाहेर काढली. वली झालेली, पर अक्षर धड व्हतं. सांबरानं मोठ्यांदा वाचली. हार्दिक दोनदा वाचलं.

दाजी गुरगुरला. "बातमी म्हनती झरा, जाहिरात म्हनती तळं. खरं कंचं धरायचं?"

ठकू म्हनली, "दाजी, बातमी फुकटची हाय. जाहिरातीला भागूबाईचं चार मासं गेल्यात. मासं घालवून कोन खोटं बोलंल?"

"ते बी खरं," दाजी म्हनला. "माझी सासू वारली तवा बातमी आली न्हाई. जाहिरात दिली तवा कुठं समद्यांना ती मेल्याचं पटलं."

कान तुटका ससा म्हनला, "आयका जरा. तळ्याकडं बेडूक वरडत न्हाईत."

ऐकलं. खरंच एक बेडूक वरडत न्हवता. सारा कळप जागच्या जागी वळला आन झऱ्याला लागला. ठकूनं जाळीतलं पाडस काढलं. ते हललं न्हवतं. निस्तं जाळीचा पाला खात बसलं व्हतं.

हिकडं तळ्यावर बिबट्या लव्हाळ्यात दबा धरून बसलेला. ऊन वर आलं. चिटपाखरू न्हाई. महिन्याची भूक पोटात. तेवढ्यात पावलं वाजली. बिबट्यानं पाय आवळलं. बघतो तर झुंबर. हातात कोरी पानं. साहेबाच्या यशस्वी दौऱ्याचा वृत्तांत लिवायला आलेला.

"साहेब, भेटी कशा झाल्या?"

"कुनाच्या भेटी?"

"जनतेच्या."

"एक शेळी न्हाई, एक उंदीर न्हाई. तू लिवलंस का न्हाई?"

"लिवलंय की साहेब. हे बघा, पयली ओळ." झुंबरानं अंक फुडं केला.

बिबट्यानं पयली ओळ वाचली. बरोबर व्हती. मंग नजर खाली घसरली. कोपऱ्यात थांबली. तेवढ्यात तळ्यातनं भागूबाईनं मान वर काढली आन लाजत लाजत म्हनली, "साहेब, आमची जाहिरात बघितली का? हार्दिक मुद्दाम दोनदा टाकायला लावलं."

फुडचं लई झटपट झालं. बिबट्यानं झेप घेतली. झुंबर निसटला, पर सगळा न्हाई. ती केरसुनीएवढी शेपटी बिबट्याच्या तोंडात ऱ्हायली आन उरलेला झुंबर बोंबलत रान तुडवत सुटला.

"धावा रं धावा, बिबट्या तळ्यावर हाय, बिबट्या तळ्यावर हाय."

झऱ्यावर समदे पानी पीत व्हते. पाडसाचं नाक पान्यात बुडलेलं. त्यांनी कान टवकारून ऐकलं. निस्तं 'बिबट्या'. ना साहेब, ना माननीय. दाजी म्हनला, "झुंबराची पयली बातमी. आली खरी, पर शिळी."

दुसऱ्या दिवशी झुंबर उंबराखाली आला. बूड झाकायला वडाचं पान बांधलेलं. तात्या खालीच बसला व्हता. आंबं कवाच बंद झालेलं, कात फाटलेली, नारळ तेवढा शाबूत.

"तात्या, पेपर अडलाय. माझ्याकडं लिवायला काय उरलं न्हाई. तुमच्या शेपटीनं लिवा. मी सांगतो."

"सांग."

झुंबरानं घसा साफ केला. "माननीय साहेब व आमचे मालक-संपादक यांच्यातील स्नेहसंबंध अधिक दृढ. संपादकांनी साहेबांस आपली आवडती वस्तू प्रेमपूर्वक अर्पण केली. साहेबांनी तिचा जागेवरच स्वीकार केला."

तात्यानं समदं ऐकून घेतलं. करवंदाच्या रसात शेंडा बुडवला. पानावर एक ओळ लिवली आन झुंबराफुडं धरली.

"बिबट्यानं खोकडाचं शेपूट खाल्लं."

झुंबरानं बुडावरचं वडाचं पान सावरलं. मंग दबकत म्हनला, "तात्या, फुडं 'माननीय' ऱ्हायलं."

"कुनाला? शेपटाला?"

तवापास्नं पेपर पुन्हा तात्याच लिवतो. मालक अजून झुंबरच हाय. त्याला लिवता येत न्हाई, म्हनून पेपर बरा निघतोय. भागूबाईनं मातूर पेपरवर दावा लावलाय, की जाहिरात छापून आली पर साहेबाच्या स्वागताला कुनी आलंच न्हाई.

तात्पर्य: खोटं बोलू नये असं तुमाला शाळंत शिकवत्यात. गुरुजींनी पेपर काढलेला न्हाई, त्यांना काय ठावं. खोटं खुशाल छापावं. फकस्त खालची जाहिरात आधी वाचून घ्यावी. आन ज्यांना नुसता पेपर वाचायचा हाय, त्यांनी जाहिरात वाचावी आन बातमी पोराला खायाला द्यावी.